नळीवरचा नट

गोदामातली गॅसवर चालणारी फोर्कलिफ्ट दुपारी अचानक बंद पडली, ही घटना तशी दखल घेण्याजोगी नव्हती. ती बंद पडली तेव्हा तिच्या पात्यांवर लाकडी फळी होती आणि फळीवर, छताजवळ, भांडाराचा कारकून बसलेला होता, एवढाच काय तो तपशील.

कारकुनाला वर चढवलं होतं गोदामप्रमुखांनी. कुठल्याशा ग्राहकाला माल आहे की नाही ते ताबडतोब सांगायचं होतं आणि सर्वांत वरच्या कप्प्यातल्या खोक्याचं लेबल खालून दिसत नव्हतं. कारकुनाने लेबल वाचलं, माल असल्याचं ओरडून सांगितलं आणि इंजिनाने आचका देऊन मान टाकली. इंजिन बंद असताना पाती खाली येऊ नयेत, अशी सुरक्षेची सोय त्या यंत्रात केलेली होती.

"शिडी लावा की," कारकून वरून म्हणाला.

शिड्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी गोदामातून कधीच काढून टाकल्या होत्या, कारण शिडीवरून माणसं पडतात. अधिकारी आले. त्यांनी गंभीरपणे वर पाहिलं.

"फोर्कलिफ्टवर माणूस चढवायला मनाई आहे. तसा फलक मी स्वतः लावलाय."

"हो, त्याच्या शेजारूनच वर आलो," कारकून म्हणाला.

"मनाई आहे, म्हणजे वर कोणी असू शकत नाही," अधिकारी प्रमुखांना म्हणाले. दुसऱ्या दिवशी 'अपघातमुक्त गोदाम' पुरस्कारासाठी पाहणी होती. अग्निशमन दलाला बोलावलं तर अपघात झाल्याचं आपणच कबूल केल्यासारखं होणार होतं. तरीही माणुसकी म्हणून त्यांनी एक हेल्मेट वर फेकलं. ते कारकुनाच्या गुडघ्याला लागलं.

मग गॅसवाल्याला आणि इंजिनाच्या मिस्त्रीला बोलावण्यात आलं. तेवढ्यात कारकुनाला बायकोचा फोन आला.

"अजून निघाला नाहीत?"

"साहेबांनी वर घेतलंय मला."

"बढती? आणि हे आत्ता सांगताय?"

कारकुनाने खाली पाहिलं. "पक्कं व्हायचंय अजून," तो म्हणाला.

गॅसवाल्याने टाकी तपासली. टाकी भरलेली, झडप उघडी. "आमचा गॅस इथपर्यंत चोख आहे," त्याने जाहीर केलं. मिस्त्रीने बॅटरी पाहिली, प्लग काढून पाहिले. "ठिणगी सणसणीत पडतेय. इंजिनापर्यंत गॅसच पोचत नाही." टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये एक रबरी नळी होती. ती टाकीला जोडणारा नट हादऱ्यांनी सैल होऊन तिरका झाला होता, त्यामुळे जोडातली सुरक्षा-झडप आपोआप मिटून गॅस अडला होता. तो सगळ्यांना दिसत होता.

"नट नळीचा, नळी इंजिनाची," गॅसवाला म्हणाला.

"नळीतून जातं काय? गॅस. म्हणजे नळी तुमची," मिस्त्री म्हणाला.

फोर्कलिफ्टच्या ड्रायव्हरने हात पुढे केला. सुरक्षा अधिकारी हळूच म्हणाले, "विचार कर. शेवटचा हात ज्याचा, जबाबदारी त्याची." ड्रायव्हरने हात खिशात घातला. गोदामप्रमुखांना एकाएकी महत्त्वाचं काम आठवलं.

"अहो, हाताने पिळला तरी बसेल तो," कारकून काकुळतीला आला.

"तुम्ही तिथे नाही आहात," अधिकारी म्हणाले. "तेव्हा सूचना करू नका."

पाळी संपली. मंडळी बुटांकडे पाहत फाटकाकडे निघाली. पहारेकऱ्याने एकेक दिवा मालवायला सुरुवात केली, तसा कारकुनाचा धीर सुटला. बधिर झालेल्या पायांनी तो कप्पे धरत धरत उतरू लागला आणि शेवटच्या कप्प्यावरून निसटून खाली आदळला. घोटा मोडला.

वर कोणी नव्हतंच, त्यामुळे कारकून सपाट जमिनीवर चालताना निष्काळजीपणे पडला, अशी नोंद झाली. हा कामावरचा अपघात धरला गेला नाही आणि पुरस्कार मिळाला. सगळे फळं घेऊन त्याला भेटायला गेले. "पायाखाली बघून चालत जा," सुरक्षा अधिकाऱ्यांनी आपुलकीने सांगितलं. ड्रायव्हर दाराशीच उभा राहिला, आत आला नाही.

इंजिन मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच झटक्यात सुरू झालं होतं. नट कोणी आवळला, हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही.

हे वाचून तुम्हाला त्या लोकांची चीड आली असेल. ते साहजिक आहे. बरं, तुमच्या जिन्यातला दिवा गेलाय म्हणे. तो कोणी बदलायचा, ते ठरलं का?