सहा मुळांची दाढ

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं. पडलं ते पडलं, वर फरशीवर गोल गोल फिरत राहिलं, थांबायचं नावच घेईना. गाढ झोपलेलं घर त्या एवढ्याशा आवाजाने दचकलं, आणि आतल्या खोलीत तिने डोळे न उघडता उशी उचलून कानाला लावली.

"नमस्कार, दातांचा दवाखाना. कोणती दाढ?"

उशी काही बोलली नाही. शेजारून भिंगरी बोलली. "आई, दाढ नाही. माझा पुढचा दात हलतोय."

भिंगरी म्हणजे तिची सहा वर्षांची लेक. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर सुखरूप होतं. घरात मात्र, एका जागी पाय न ठरणाऱ्या त्या पोरीला भिंगरीच म्हणत.

ती उठून बसली. अंग असं दुखत होतं, जणू रात्रभर पोती वाहिली असावीत. दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात ते झाकण.

"साडेनऊला पडलीस, आता सहा वाजले. साडेआठ तास झाले," सासूबाई म्हणाल्या. त्यांना हिशेब लागायचा. "एवढं झोपून माणूस दमतं कसं, ते मला एकदा समजावून सांग."

"झोपते हो आई. पण झोपले की तिकडे कामावर जाते."

"दिवसा जातेस तिथेच?"

"तिथेच. रात्रभर फोन. याची वेळ बदला, त्यांना गुरुवार द्या. बेकरीवाले तर ऐकतच नव्हते."

"मग जरा दुसरं स्वप्न बघावं. डोंगर, समुद्र, काहीतरी मोकळं."

"परवा डोंगरावर होते ना. तिथेही टेलिफोन होता."

भिंगरीने आईच्या कोपराखालून डोकं बाहेर काढलं. "मी होते स्वप्नात?"

"होतीस की. दवाखान्यातल्या बाकावर बसवलं होतं तुला, माशांच्या टाकीसमोर. म्हटलं, पाच मिनिटं थांब, एवढा फोन झाला की घरी जाऊ."

"मग?"

"मग आजीच्या हातून झाकण पडलं आणि मी उठले."

भिंगरी गप्प झाली. वेणी घालताना गप्प, बुटात पाय कोंबताना गप्प. एरवी त्या घरात ही बातमीच झाली असती. पण नवऱ्याची सकाळची पाळी, शाळेची घंटा आणि तिचा दवाखाना हे सगळं एका तासात बसवायचं होतं. पोरगी गप्प आहे, याचं सगळ्यांना बरंच वाटलं.

तिला स्वतःला त्या दिवशी वेगळीच धास्ती होती. दवाखान्यात लागून आज तीन महिने पूर्ण होत होते. दातांच्या डॉक्टरांनी ठेवतानाच सांगितलं होतं, "तीन महिने बघू. जमलं तर कायम, नाहीतर तुम्ही तुमच्या वाटेने." तिच्या आधी दोन वर्षांत तिघीजणी आपापल्या वाटेने गेल्या होत्या. डॉक्टर तसे मायाळू. पेशंटच्या जबड्यात दोन्ही हात घालून घरच्यांची खुशाली विचारत आणि उत्तराची वाटही बघत. पण रजिस्टर म्हटलं की माणसाचा वाघ व्हायचा. "रजिस्टर चुकलं की माणूस चुकतो, आणि माणूस चुकला की दाढ चुकते," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत.

आणि ही नोकरी तिला हवी होती. भिंगरीची शाळा समोरच, रस्त्यापलीकडे. साडेचारला शाळेतल्या मावशी तिला रस्ता ओलांडून दवाखान्यात सोडत, मग ती तासभर बाकावर बसून मासे बघे, आणि मायलेकी हातात हात घालून घरी जात. अशी नोकरी दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती.

साडेनऊला फोन वाजला. बेकरीवाले होते. खालची डावी दाढ, काढायची.

"ताई, मला आज अकराला यायचंय ना?" शिक्षेची तारीख विचारावी असा त्यांचा आवाज.

"अहो, काल नाही का सांगितलं?" ती अगदी ठामपणे म्हणाली. "तुमची वेळ गुरुवारी केलीय."

पलीकडून एकदम पहाट झाल्यासारखा आवाज आला. "हो हो. सांगितलं होतंत. माझ्याच लक्षात राहिलं नाही. गुरुवार. गुरुवार फार चांगला." आणि फोन बंद.

दवाखान्याचं रजिस्टर पेन्सिलीने लिहायचा रिवाज होता, कारण वेळा सारख्या बदलत. टेबलाला दोऱ्याने खोडरबर बांधलेलं असे. तिने आज अकराचं नाव खोडलं, फुंकर मारली, आणि गुरुवारी अकराच्या चौकोनात लिहायला घेतलं. काल हे लिहायचं राहिलंच कसं? बोलणं तर शब्दन् शब्द आठवत होतं. ते काय म्हणाले, आपण काय म्हणालो, आणि समोर रजिस्टर धरून उभा असलेला तो सोनेरी मासा...

पेन्सिल थांबली. मासा?

टाकीतला सोनेरी मासा काचेला तोंड लावून तिच्याकडेच बघत होता. चेहऱ्यावर अपराधी भाव अजिबात नव्हता.

तिने घाईघाईने बेकरीला फोन लावला. बेकरीचा फोन आता कुणी उचलेना.

काल संध्याकाळी तिने खरोखरचेही काही फोन केले होते. पण खरे कुठले आणि उशीवरचे कुठले, हे निवडायला बसली तर खडे कुठले नि तांदूळ कुठले तेच कळेना. शेवटी तिला वाटलं, सरळ विचारून टाकावं. आणि तिथेच ती फसली. दाताच्या डॉक्टरकडे वेळ ठरलेल्या माणसाला "मी तुमची वेळ बदलली होती का" असं विचारणं म्हणजे शाळेतल्या पोरांना "आज सुट्टी आहे का रे" असं विचारण्यातलाच प्रकार.

पहिला फोन व्यायामशाळेच्या मास्तरांना. यांचे दंड तिच्या कमरेएवढे होते.

"मास्तर, मी काल तुम्हाला फोन केला होता का?"

"कशाबद्दल?"

"वेळ बदलल्याबद्दल."

पलीकडे काहीतरी जड लोखंडी खाली ठेवल्याचा आवाज आला. "केला होता," मास्तर म्हणाले. "दोनदा केला होता."

दुसरा वकीलसाहेबांना. "आपण केला म्हणत असाल तर माझी हरकत नाही."

"मी म्हणत नाही, विचारतेय."

"तरीही हरकत नाही."

तिसरा निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना. यांच्याकडून तरी खरं कळेल, अशी तिला खात्री होती. बाईंनी चाळीस वर्षं मुलांकडून 'नेहमी खरे बोलावे' पाटीभर लिहून घेतलं होतं.

"म्हणजे काय? तुला आठवत नाही?" बाई कडाडल्या. "गुरुवार म्हणालीस तू मला. कामात लक्ष ठेवावं जरा. पुन्हा असं चालणार नाही."

"चुकलं बाई," ती म्हणाली आणि फोन ठेवल्यावरही उभीच राहिली.

राहिलेल्या दोघांनी तर तिला बोलूच दिलं नाही. "गुरुवार ना, माहितीय" म्हणून मोकळे झाले. बातमी गावभर झाली होती, बहुधा बेकरीतूनच. साडेदहाला आजचं पान धुतल्यासारखं पांढरं झालं, आणि गुरुवारी अकराच्या एका चौकोनात सहा नावं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसली.

आतला दरवाजा उघडून डॉक्टरांनी डोकं काढलं. "अकराचे?"

"येतायत."

"साडेअकराचे?"

"तेही... येतायत."

दरवाजा मिटला. बारा वाजले, साडेबारा झाले. शेवटी तिने सगळं सांगून टाकायचं ठरवलं, वाक्यं पाठ केली, आणि एक वाजता हळूच आत डोकावली. डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत आडवे होते. पाय वर, तोंड उघडं, आणि घोरणं थेट त्यांच्या यंत्रासारखं. मध्येच बारीक, मध्येच दाढेला लागल्यासारखं. तिने दार लोटून घेतलं. ते जागे होईपर्यंत तरी तिला नोकरी होती.

चारला डॉक्टर बाहेर आले. कमरेवर हात, डोळे लाल, गालावर खुर्चीच्या शिवणीचा ठसा.

"काय दिवस गेला," ते म्हणाले. "सकाळपासून पाठ टेकलेली नाही."

ती त्या ठशाकडे बघत राहिली.

"बेकरीवाल्यांची दाढ तर काय चिवट. सहा मुळं. पाय लावून ओढावी लागली. मुख्याध्यापिका बाई मात्र धीराच्या. तोंड उघडलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही त्यांनी."

तिचंही तोंड उघडं पडलं होतं, तेही मिटेना.

"पण एक सांगतो. एवढी माणसं, आणि कुठे गोंधळ नाही. एकामागून एक, सुतासारखी सरळ. हे तुमचं काम." डॉक्टरांनी खिशातलं निळं पेन काढून रजिस्टरवर ठेवलं. "उद्यापासून पेनाने लिहा. पेन्सिल तीन महिन्यांपुरतीच असते."

काहीतरी बोलायला हवं होतं. पण तिची जीभ दातांच्या मागे जाऊन बसली ती बसलीच. पेन मात्र हातात आलं.

साडेचारला मावशींनी भिंगरीला आणून सोडलं. एरवी पळत जाऊन बाक गाठणारी पोरगी आज दारातच थांबली.

"बस ना, बघ तुझे मासे."

"नको," भिंगरी म्हणाली, आणि बाकाला लांबून वळसा घालून आईच्या खुर्चीला चिकटून उभी राहिली. काय झालं म्हणून तिने विचारायच्या आत दार उघडलं.

बेकरीवाले आले होते. एरवी दोन गाल असायचे. आता एक गाल आणि एक फुगलेला पाव. "ताई," ते पुटपुटले, "गुरुवार चांगला आहे, पण फार लांब आहे हो."

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. "अरे, तुम्ही परत? दुपारीच तर काढली मी तुमची दाढ."

बेकरीवाल्यांनी एकदा डॉक्टरांकडे बघितलं, एकदा आतल्या चकचकीत हत्यारांकडे. तेवढ्या वेदनेतही त्यांचे डोळे उजळले.

"काढलीत की," ते म्हणाले. "काय हलका हात आहे. मी आपला आभार मानायला आलो होतो." आणि गाल दोन्ही हातांत धरून वळले.

दारापर्यंत सहा पावलं होती. तिने ती मोजली. एका हातात निळं पेन, दुसऱ्या हाताला भिंगरीची बोटं. हे पाचव्या पावलावर आहेत. हे गेले की सगळं मिटलं. आणि रात्रभर हा माणूस भिंतीला डोकं आपटत बसेल.

"थांबा," ती म्हणाली. "डॉक्टर, दाढ काढलेली नाही. तुम्ही झोपला होतात."

मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं; उशी, मासा, खोडरबर, गुरुवारचा चौकोन. डॉक्टर ऐकत हळूहळू बाकावर बसले.

"म्हणजे आज मी एकूण किती दाढा काढल्या?"

"एकही नाही."

"सहा मुळांची पण नाही?"

"डॉक्टर, सहा मुळांची दाढ असते का?"

डॉक्टरांनी बराच विचार केला. "मलाही तेव्हा जरा शंका आली होती," ते म्हणाले.

मग त्यांनी उजवा खांदा चोळला.

"रोज रात्री काढतो मी दाढा," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "सकाळी हात वर होत नाही. बायको म्हणते, आठ तास घोरत होतात." त्यांनी रजिस्टरकडे बघितलं. "दुपारी खुर्चीतही डोळा लागत असणार, आणि मग मला असे पेशंट आठवायचे, जे रजिस्टरात नसायचे. मला वाटायचं, लिहायचे राहिले. तीन मुली कामावरून काढल्या मी त्यापायी. एकीने तरी सांगायचं, की तुम्ही झोपला होतात."

"घाबरल्या असतील."

"तुम्ही नाही घाबरलात?"

"घाबरले ना. अजून घाबरलेलीच आहे." आणि तिने पेन पुढे केलं.

डॉक्टरांनी ते घेतलं नाही. "ठेवा," ते उठत म्हणाले. "या दवाखान्यात दोघांतलं एक जण तरी जागं हवं. आज माझी पाळी नव्हती, तुमची होती." मग दाराकडे बघून त्यांनी आवाज चढवला. "बेकरीवाले, कडीवरचा हात काढा आणि आत या."

खरी दाढ निघायला सात मिनिटं लागली. मुळं दोनच निघाली. बेकरीवाले तोंडात बोळा धरून बाहेर आले आणि बोटांनी खुणा करून सांगू लागले, की एवढंच असतं हे माहीत असतं तर कालच आलो असतो. "काल नाही, सकाळी," तिने दुरुस्ती केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या रजिस्टरात निळ्या शाईने लिहिलं: दाढ एक. काढली.

आवराआवर झाली. डॉक्टर गेले. तिने सगळे दिवे घालवले, फक्त टाकीतला ठेवला. अंगातला शीण कुठल्या कुठे पळाला होता. आज सासूबाईंना सांगायला केवढं होतं. पिशवी खांद्याला लावून ती वळली, तर भिंगरी बाकाजवळ गुडघ्यांवर बसून खाली वाकून बघत होती. मग उठून तिने बाकाच्या मागे बघितलं. मग टाकीच्या पलीकडे.

"काय शोधतेस गं?"

"मला."

"तुला?"

"रात्री तू मला इथे बसवलंस. म्हणालीस, पाच मिनिटं थांब." भिंगरीचा खालचा ओठ थोडा पुढे आला होता, पण तिने तो धरून ठेवला. "मग आजीचं झाकण पडलं आणि तू एकटीच उठलीस. मग मला घरी कुणी आणलं?"