काचेवरचं गाढव

पहिल्या फुकटच्या सर्व्हिसिंगची मुदत संपायला आठच दिवस उरले होते, म्हणून मी नवी पिकअप दाखवून आणायचं ठरवलं. फुकटचं सोडू नये, एवढाच माझा अभ्यास. (शाळा मला चौथीतच कंटाळली.) आमची रोपांची नर्सरी. गाडी दोघांनी मिळून पसंत केली, मी आणि बायकोने. महिन्याभरात ती गेली. बायको. गाडी आहे.

तक्रारी दोन. चावी फिरवली की समोरचा स्क्रीन एवढ्या मोठ्याने गाणं बोंबलायचा की मागची रोपं मान टाकायची. मी बटणं दाबून पाहिली, तर त्याने भाषाच बदलली. आता तो मला कुठल्या लिपीत शिव्या देतो, देव जाणे.

दुसरी तक्रार काचेची. सकाळी ओल्या कुंड्या केबिनमध्ये ठेवल्या की समोरच्या काचेवर वाफ धरायची आणि डाव्या बाजूला एक गाढव उगवायचं. लांब कान, जाड मिशा. उन्हं आली की गायब. मी काच बाहेरून घासघासून घासली. दुसऱ्या दिवशी स्वारी हजर.

जन्मभर मी सगळ्यांच्या खोड्या काढल्या, तेव्हा पहिला संशय घरच्यांवर.

"सूनबाई, हे गाढव तुझं का?"

"बाबा, माझं एकच आहे. ते आत घोरतंय."

(चिरंजीव नऊशिवाय उठत नाहीत.)

सर्व्हिस सेंटरात एक चष्मेवाला मेकॅनिक होता. त्याने चार बोटं फिरवली, स्क्रीन माणसांच्या भाषेत आला.

"काका, सुरू होतानाचा आवाज कुणीतरी तीसवर ठेवलाय. घरात कुणाला कमी ऐकू येतं का?"

 बायकोचा उजवा कान बंद होता. ती बसायची माझ्या डावीकडे, म्हणजे बंद कान माझ्या बाजूला. (त्या कानात मी किती बडबड ओतली असेन!) मी तोंड उघडेपर्यंत त्याने आवाज आठवर आणला होता. गाणं पुटपुटायला लागलं. घरात आजारी माणूस असल्यासारखं.

मग तो काचेकडे वळला. आतून हाः करून फुंकर मारली. गाढवाचे कान वर आले.

"काच चांगली आहे, काका. आतून कुणीतरी बोटाने काढलंय. बोटाचं तेल राहतं, वाफ धरली की दिसतं. आणि तुम्ही बाहेरून घासत होतात?" तो हसला. "इथे कोण बसतं?"

"कुंड्या."

तोंडून निघालं आणि मला ती सकाळ आठवली. तिला दवाखान्यात नेत होतो. पायाशी तिनेच पाणी घातलेल्या कुंड्या. मी म्हटलं, "वाटेत पोचवू. तुझ्या दुखण्यासाठी वेगळं डिझेल कोण जाळणार?" ती काचेवर हात फिरवत होती. मला वाटलं, वाफ पुसतेय. माझं लक्ष रस्त्यावर. ती परत आलीच नाही.

चाळीस वर्षांत बाईने माझी एकदाही खोडी काढली नाही, असं मी गावभर मिरवायचो. काढली होती. मी बघितलीच नाही. बघेन म्हणून ती दवाखान्यापर्यंत वाट बघत बसली असेल.

तेवढ्यात मेकॅनिकने फवाऱ्याची बाटली उचलली.

"थांब!" मी त्याचं मनगट धरलं. फवारा काचेऐवजी माझ्या तोंडावर. बरंच झालं, डोळे का गळतायत ते सांगावं लागलं नाही.

"अहो काका, साधा डाग आहे. एक फडकं मारतो."

"डाग नाही रे. मी आहे तो. आणि आवाज परत तीसवर कर."

"तक्रार तुमचीच होती ना?"

"मागे घेतली."

आता रोज सकाळी माल असो-नसो, दोन ओल्या कुंड्या डावीकडे बसवतो. परवा ट्रॅफिक पोलिसाने अडवलं. गाणं ऐकून त्याने आधी कानावर हात ठेवले.

"आजोबा, अर्धी काच वाफेने भरलीय, पुसा ती! आणि हे गाढव कुणी काढलं?"

"बायकोने."

"कुणाचं?"

मी टोपी काढली, लांब कान मोकळे केले आणि जाड मिशीला पीळ देत बसलो. त्याने काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हातातल्या लायसन्सकडे पाहिलं.

"लायसन्सवरचा फोटो बदलून घ्या," तो म्हणाला. "ओळख काचेवरूनच पटतेय."