नर्सबाईंचे बिनचामड्याचे बूट

म्हसळ्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून रुजू झालो, त्या सकाळी नर्सबाई ओट्यावर एका घमेल्यात उभ्या होत्या. घमेल्यात पाणी होतं, पाण्यातून वाफा निघत होत्या आणि बाईंच्या पायात बूट होते. घोट्याच्या वर टीचभर येणारे, काळे, पुरुषी बूट. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, डोळ्यांवर चष्मा, हातात बाळंतपणांचं रजिस्टर.

"नवे कंपाउंडर ना तुम्ही?" रजिस्टरातून मान वर न करता त्या म्हणाल्या. "आत बसा. मला अजून पाव तास हलता यायचं नाही. यांची समजूत घालतेय."

"कुणाची?"

"बुटांची. कुणाची म्हणजे काय?"

मी आत जाऊन बसलो. रामा शिपाई माझ्याकडे बघून हसला आणि हळूच म्हणाला, "घाबरू नका. सवय व्हते."

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे. रस्ते असे नव्हतेच. बांध, पायवाटा, ओहोळ, चिखल आणि पावलोपावली फुरशी. सापाच्या जातीचं एवढंसं जनावर, पण पायाला डसलं की माणूस गेलाच. अशा मुलखात बाई चहूकडच्या गावांतून बाळंतपणं करत फिरायच्या. म्हणून बूट. हजेरीपटावर त्यांचं नाव सुंदराबाई असं होतं, पण हजेरीपटाबाहेर ते मी कधी ऐकलं नाही. तोंडावर सगळे 'नर्सबाई' म्हणत आणि पाठीमागे 'बूटबाई'. वय पंचेचाळिसाच्या पुढे. माहेर रेवसकडचं, भातशेतीवाल्यांचं. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मग मुंबईला नर्सिंग शिकल्या आणि इकडे आल्या. ही सगळी माहिती रामाची. बाई स्वतःबद्दल काही बोलत नसत. बोलत त्या बुटांबद्दल.

बुटांचा घोळ असा की बाईंना चामडं चालत नसे. सोवळं-ओवळं हे त्याचं कारण नव्हतं. मासे त्या आवडीनं खात. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कंपाउंडर, मी जाते ती जन्माच्या कामाला. तिथं जाताना पायात मेलेलं काही नको."

डॉक्टरसाहेबांना त्यांची चेष्टा करायची फार हौस. "नर्सबाई, देवळात पखवाज वाजतो त्याला काय लावलेलं असतं? कातडंच ना?"

"असेल. पण पखवाज मी पायात घालत नाही."

तर खुर्च्यांच्या बैठकींना लावतात ते जाड, काळं मेणकापड बाईंनी मुंबईहून मागवलं होतं. रेवसच्या लाँचमधून ती गुंडाळी आली. बाजारातल्या सखारामकडून त्यांनी त्याचे बूट शिवून घेतले, खाली मोटारीच्या टायरचा तळ. सखारामची हयात चपला शिवण्यात गेलेली. त्यानं चार वेळा नाही म्हणून पाचव्या वेळी ते काम घेतलं, आणि बूट देताना सांगितलं, "बाई, चामडं मान्साचं ऐकतं. चार दिस पायात ऱ्हायलं की पायासारखं व्हतं. ह्ये कुनाचं ऐकायचं न्हाय. ह्ये बूट न्हायत, ह्या पेट्या हायत."

"घाई कुणाला आहे?" बाई म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायको अडली म्हणून धावत आलेल्या नवऱ्यालाही त्या हेच म्हणत, फक्त म्हणताना स्वतः भराभर बॅग भरत असत.

तेव्हापासून दवाखान्यात बुटांवर उपचार सुरू झाले. आधी खोबरेल तेल. मेणकापडानं ते प्यायलं नाही, सगळं बाईंच्या मोज्यांनी प्यायलं. मग टाचेवर वरवंट्यानं ठोकणं. मग माझ्या स्वागताला मांडलेलं ते गरम पाण्याचं घमेलं. त्यानंतर कुणीतरी सांगितलं की बुटात चणे भरावेत, वर पाणी ओतावं, चणे फुगतात तसा बूट सैलावतो. बाईंनी दोन्ही बूट चण्यांनी गच्च भरले आणि एका बाळंतिणीसाठी त्यांना दोन दिवस दिघीकडं जावं लागलं. परत येऊन बघतात तर बुटांतून मोड वर आलेले! दोन कुंड्या ठेवल्यासारखे बूट ओट्यावर उभे होते.

बूट सुतभरही सैल झाले नव्हते. चणे मात्र उत्तम झाले होते. दुसऱ्या दिवशी रामानं डब्यातून उसळ आणली, डॉक्टरसाहेबांनी दोनदा मागून घेतली. मी हात लावला नाही. बाई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "कोरे बूट होते, कंपाउंडर. आत उघडा पाय एकदाही लागला नव्हता."

एका दुपारी मी औषधं घोटत बसलो होतो. पलीकडच्या बाळंतिणीच्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "हां, सैल सोड. अशी आवळून धरू नकोस. थोडं... अजून थोडं... शहाणी माझी बाय ती!" कोण आलं ते मला कळलं नव्हतं, पण बाळंतपण अगदी शेवटावर आलेलं दिसत होतं. मी धावत जाऊन उकळतं पाणी घेतलं, स्वच्छ फडकी घेतली आणि दारावर टकटक केली.

"या."

आत बाई एकट्याच होत्या. जमिनीवर पाय पसरून बसलेल्या, डावा बूट अर्धा पायात, अर्धा बाहेर.

"बरं झालं पाणी आणलंत," त्या म्हणाल्या. "ठेवा इथं."

असे आठ-नऊ दिवस गेले. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. डॉक्टरसाहेब कसल्याशा कामासाठी अलिबागला गेले होते. सकाळी आठाच्या सुमाराला खाडीकडच्या कोळीवाड्यातला हिराजी धापा टाकत आला आणि ओट्याला धरून उभा राहिला.

"बाय, घरवाली अडलीय माजी. पाय आलाय भायेर. सुईन बोलते, मी न्हाय हात लावनार."

मूल पायाळू होतं. पायाकडून येणारं मूल म्हणजे काय, हे दवाखान्यात चार दिवस काढलेल्या माणसालाही कळतं. बाईंनी बॅग उचलली. ओहोटी होती, होडी खाडीच्या चिखलात रुतली असती. तीन कोस चालण्यावाचून मार्ग नव्हता. जुन्या बुटांचा तळ कधीच गळून पडला होता. बाईंनी नवे बूट ओढायला घेतले.

"बाई, आजच्या दिवस चपला घाला," मी म्हटलं.

"चिखलात चपला मागं राहतात आणि बाई पुढं पोचते. तुम्ही चला बरोबर. डॉक्टर नाहीत, एक हात लागेल."

निघालो. पाऊस धरून होता, पण पडत नव्हता. सुरुवातीला बाई हिराजीला प्रश्न विचारत होत्या. कळा कधीपासून, पाणी कधी गेलं, हे कितवं. पहिलंच, तो म्हणाला. मग अर्ध्या वाटेवर त्या बोलेनाशा झाल्या. मी मागून बघत होतो. त्या पाय टाकत नव्हत्या, ठेवत होत्या, जपून, भरलेली घागर ठेवावी तसे.

"थोडं थांबू या का?"

"चला."

हिराजीच्या अंगणात पोचलो तेव्हा बूट निघेनात. बाई दगडावर बसल्या, एक बूट मी धरला, एक हिराजीनं, आणि दोघांनी ओढले. मोजे सुटले तसं मला दिसलं. दोन्ही टाचांची कातडी सोलून निघाली होती. मी तोंड उघडणार तोच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. रांजणाजवळ जाऊन त्यांनी पायांवर पाणी घेतलं, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले आणि आत गेल्या.

हिराजी आणि मी पडवीत जाळ्यांच्या ढिगाऱ्याशेजारी बसलो. दारावर जुन्या लुगड्याचा पडदा होता. आतून हिराजीच्या बायकोचं, पारूचं, ओरडणं येत होतं. मध्येच सुईण म्हणाली, "ओढा आता, बाई, ओढा!" आणि बाईंचा आवाज आला, "हात लावायचा नाही. पोर आपल्या आपण येतंय. घाई कुणाला आहे?" तो आवाज मी रोज ऐकत होतो. पण त्या दिवशी मला त्याच्या तळाशी काहीतरी थरथरताना ऐकू आलं. हिराजीनं जाळ्याची एक गाठ सोडवायला घेतली होती, ती त्यानं इतकी घट्ट करून ठेवली की पुढं कापावी लागली असणार.

मग आत सगळं शांत झालं. पारूचं ओरडणंही थांबलं. हिराजी उभा राहिला. बाईंच्या हाताचे फटके ऐकू आले, बारीक, तळव्यावर मारल्यासारखे. एक, दोन, मग थांबून तीन. आणि मांजराच्या पिल्लासारखा एक चिरका आवाज आला. तो वाढत वाढत चांगलं रडणं झाला.

हसायचं की रडायचं हे हिराजीला ठरवता येईना.

"पोरगा हाय," सुईणीनं पडद्यातून सांगितलं. "पायाळू. आता गावात कुनाची पाठ धरली तर ह्याची लाथ खायाला येतील."

आम्ही हसतो आहोत तोवर आत हिराजीची आई किंचाळली. "ह्यो रगत कुनाचा? बाय गो, पोरीचा रगत थांबला न्हाय!"

मी पडदा सारून आत गेलो. पारू थकून पडली होती, पण तिला काही झालेलं नव्हतं. सारवलेल्या जमिनीवर दारापासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून चुलीपर्यंत रक्ताचे ठसे होते. म्हातारी ते बघत बघत चुलीपाशी आली. तिथं बाई पाठमोऱ्या उभ्या राहून हात धूत होत्या. ठसे त्यांच्या टाचांशी येऊन थांबले होते.

"तुजा हाय ह्यो?" म्हातारी म्हणाली.

"काही नाही हो. बूट नवे आहेत."

"बस खाली."

"अहो, आई, नको. मला निघायला हवं."

"बस बोलली ना! गप बस गो. इतकी मोठी झालीस, सोताचा पाय सांबालता येत न्हाय तुला?"

बाई बसल्या. हिराजी घरात आहे, मी आहे, सुईण आहे, हे सगळं विसरल्यासारख्या बसल्या. म्हातारीनं नातवासाठी तापवलेल्या पाण्यातलं थोडं परातीत ओतलं आणि बाईंचा एक पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. बाईंनी तो मागे ओढला. वयानं मोठ्या बाईनं पाय धरायचे म्हणजे काय! म्हातारीनं त्यांच्या नडगीवर एक चापट मारली आणि पाय पुन्हा ओढून घेतला. धुतला. हळद आणि खोबरेल लावलं. पुटपुटत होती, "काय करून घेतलंस गो ह्या. कुनी बघनारा न्हाय का घरान?"

बाईंनी चष्मा काढून पदराच्या टोकाला पुसला. मग पुन्हा पुसला. मी बाहेर आलो.

दुपारी म्हातारीनं त्यांना भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं आणि तिथंच चटईवर निजवलं. मी आल्यापासून बाईंना दिवसाढवळ्या झोपलेलं पाहिलं नव्हतं. भरती आली तसं हिराजीनं आम्हांला होडीतून खाडीनं परत नेलं. बाई बूट मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पायांना फडकी गुंडाळलेली. म्हसळ्याचा धक्का दिसायला लागला तेव्हा म्हणाल्या,

"कंपाउंडर, मला सगळे 'अहो बाई' म्हणतात. चांगलं आहे, मान देतात. पण 'अगं' म्हणणारी माझी आई होती. ती गेल्याला बारा वर्षं झाली."

आणि त्यांनी तोंड पाण्याकडे वळवलं.

बूट दिवाळीपर्यंत सैल झाले. खारं पाणी, चिखल आणि बाईंचा हट्ट, यांतलं कशानं ते मला सांगता येणार नाही. सखारामनं ते हातात घेऊन वाकवून पाहिले, पुन्हा वाकवून पाहिले आणि परत दिले.

आणि बाई दर महिन्याला एकदा कोळीवाड्यात जायला लागल्या. रजिस्टरात लिहीत, 'बाळाचे वजन'. बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं, मग बापाबरोबर होडीत बसून किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायला लागलं, तरी बाई झोळीचा काटा खांद्याला लावून वजन करायला जात. डॉक्टरसाहेबांनी एकदा ते पान बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सही करून टाकली.

एकदा क्विनीनच्या गोळ्या वाटायला मलाही तिकडं जायचं होतं, म्हणून बरोबर गेलो. वाटभर बाई माझ्या पुढं होत्या, ताडताड पाय टाकत. हिराजीचं अंगण आलं तशा त्या थबकल्या. दार उघडं होतं. आत म्हातारी चुलीपाशी काहीतरी निवडत बसलेली दिसत होती. सरळ आत जायचं, तर बाई कुंपणापाशीच उभ्या राहिल्या आणि खोकल्या.

"कोन हाय?" आतून आवाज आला. "तूच का गो? ये, घरान ये."

बाई हलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. मी सांगणार होतो, पण त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"अगो, उभी काय ऱ्हायलीस?" म्हातारी मोठ्यानं ओरडली. "ये ना गो!"

तेव्हा कुठं बाई "आले, आले" म्हणत पुढं झाल्या.