शब्दांवर शक घेणारे टेंभुर्णे गुरुजी

आमच्या शाळेत एखाद्या पोरानं नवा शब्द वापरला की टेंभुर्णे गुरुजी त्याला उभं करून अशी चौकशी करायचे, जणू त्यानं कुणाच्या परसातली पपई पाडली आहे.

"कुठून आनला हा शब्द?"

"पुस्तकातून, गुरुजी."

"वाचून आनला का नुसता उचलून आनला?"

गुरुजी चष्मा कपाळावर चढवत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "मले शक येऊन राहिला."

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी नगर जिल्ह्यातून शिक्षणसेवक म्हणून तिरोडा तालुक्यातल्या त्या लहानशा शाळेत रुजू झाले होते. शिकवणारे आम्ही दोघंच. गुरुजी मुख्याध्यापक, पन्नाशी ओलांडलेले, गावात एकटेच राहणारे. माझ्यावरही त्यांनी पहिल्याच दिवशी शक घेतला. शाळा सुटताना मी वर्गाला म्हटलं, "चला, पटापट आवरा." दारात उभे राहून गुरुजी म्हणाले, "मॅडम, 'आवरा' कोनाकोनाले समजला ते पाहा." खरंच, एकही पोरगं जागचं हललं नव्हतं. घरात झाडीबोली, बाजारात हिंदी, काहींच्या आजीची पोवारी. पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी पाहुणीच होती. आणि पाहुण्याचं नाव-गाव विचारल्याशिवाय त्याला घरात घ्यायचं नाही, हा गुरुजींचा बाणा.

त्यामुळे त्यांच्या वर्गात धडा कधी संपायचा नाही. एक पान वाचायला आठवडा. 'लगबग' शब्द आला की वाचन बंद. "कोन करते लगबग?" कुणी म्हणे, मंडईले जायच्या येळी आई करते. कुणी म्हणे, पाऊस आला की धान झाकताना बाबा करते. दहा जणांच्या घरची लगबग ऐकून झाली की गुरुजींचं समाधान व्हायचं. मला मात्र वाटायचं, अशानं ही पोरं वाचायला शिकणार कधी?

एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले. चौथीतल्या दीक्षानं धडाधड पान वाचून दाखवलं. साहेब खूश. "वा! उत्तम." त्यांनी शेरा लिहायला पेन काढलं, आणि मागून आवाज आला, "साहेब, मले शक आहे."

मी डोळ्यांनी खुणावत होते. उपयोग शून्य.

"दीक्षा, 'अथांग' म्हंजे का?"

दीक्षानं छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ज्याले आंग नाही तो."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "गुरुजी, तुम्ही स्वतःच्याच शाळेविरुद्ध साक्ष देताय?" सगळ्या वर्गासमोर गुरुजींची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौथीसकट सगळी शाळा बोदलकशाच्या तलावावर नेली. पोरांना माझ्या ताब्यात देऊन पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसवलं आणि स्वतः मासे धरणाऱ्या एका ढिवराच्या डोंग्यात, त्याच्या लाकडी होडीत, चढले. हातात दोराचं वेटोळं, टोकाला दगड. मधोमध जाऊन ते दोर सोडू लागले. पाळीवरून जाणाऱ्या बाया थांबल्या. सायकली थांबल्या. "कोन बुडला जी?" गर्दी जमली, पोलीस पाटील धावत आले. गुरुजी परत येताच पाटलांनी त्यांना बाजूला घेतलं.

"गुरुजी, खरं सांगा. का शोधून राहिले?"

"अथांग."

"कोनाचा पोरगा हा?"

पाटलांना समजावण्यात अर्धा तास गेला. तरी त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय पुरता गेला नाही. गुरुजी मग पोरांकडे वळले. "दोर सरला, पन गोटा खाली टेकला नाही. मंग तराव कसा?"

पोरं ओरडली, "अथांग!"

दीक्षा एकटी ओरडली नाही. जरा विचार करून म्हणाली, "गुरुजी, दोर लहान होता म्हनून. मोठा आनला असता तं टेकला असता."

गुरुजी तिच्याकडे बघतच राहिले. मग चष्मा पुसत मला म्हणाले, "मॅडम, हा शब्द आता पोरीचा झाला."

त्यानंतर दीक्षा त्यांची लाडकी. शाळेतली गोष्टीची पुस्तकं तिनं वर्षभरात वाचून काढली, आणि शब्दांवर तीही शक घ्यायला लागली. एकदा 'ओशाळला' शब्द आला. गुरुजींनी अर्थ विचारताच तिनं हात वर केला. "त्या साहेबासमोर तुमचं झालतं तसं." माझं हसू थांबेना. गुरुजी म्हणाले, "बरोबर. बस खाली."

अशा माणसानं त्याच पोरीला रडवलं, म्हणून ती दुपार मी विसरत नाही.

गुरुजी गोष्ट वाचून दाखवत होते. बाहेर खिचडीच्या थाळ्या वाजत होत्या, पोरांचं लक्ष उडालेलं. "ते ऐकून प्रधान हतबुद्ध झाला," गुरुजींनी वाचलं. "समजलं?" दीक्षानं घाईघाईत मान हलवली.

"सांग मंग."

तिनं दाराबाहेरच्या थाळ्यांकडे पाहिलं.

"समजलं नाही तं मान काहून हालवली?" गुरुजी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेरच्या थाळ्याही थांबल्या. "काहून हालवली?"

तिला हुंदका फुटला. मी तिला जवळ घेतलं, बाहेर नेऊन जेवायला बसवलं, आणि तशीच परत वर्गात आले. "गुरुजी, भूक लागली होती लेकराला. मान हलवली म्हणून एवढं?"

ते खुर्चीत बसले होते. मग पुस्तक मिटून म्हणाले, "माही चुकी झाली. तिले मी सांगतो." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "मीबी अशीच हालवली होती, मॅडम."

मी शाळेत येण्याआधीची गोष्ट, त्यांची बायको आजारी होती. नागपूरच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या आणि म्हणाले, आता पॅलिएटिव्ह करू, घरी न्या. समजलं ना, गुरुजी?

"गुरुजी म्हनले ना ते मले. मास्तर मानसानं कसं विचारावं, तो शब्द म्हंजे का? मी मान हालवली. मले वाटलं, घरी न्या म्हनते, म्हंजे सुधरली."

आता आजार बरा करणारं औषध उरलं नाही, फक्त दुखणं कमी ठेवायचं, हा त्याचा अर्थ त्यांना फार उशिरा कळला. तिचा भाऊ रायपूरला होता. तिला त्याला भेटायचं होतं. गुरुजी म्हणत राहिले, जरा ताकद येऊ दे, मग जाऊ. भाऊ आला तो मातीलाच.

मी विचारलं, "वहिनींनी नाही विचारलं, डॉक्टर काय म्हणाले ते?"

"विचारलं ना. बसमध्येच विचारलं. मी म्हटलं, बरी होशील म्हनले." त्यांनी टेबलावरचा खडूचा भुगा तळहातानं गोळा केला. "खुश झाली. घरी आल्यावर शेजारनीले सांगे, मले तं बाई डाक्टरचं एक अक्षर नाही समजलं. पन आमचे गुरुजी होते ना संगं. त्याह्यले सारं समजते."