कपाटातल्या मशिनीचा डोळा

धनंजयनं, म्हणजे आमच्या पोरानं, नागपूरहून गाण्याची मशीन आणून दिली. रिसिव्हर म्हणतात तिले. मी ती कपाटात ठेवली अन् तिथंच फसलो. (आपल्याच हातानं फसणारा माणूस पाहाचा असन तर आमच्या गावाले, रोहण्याले येजा.)

यंदाचा कापूस भाव येईपर्यंत समोरच्याच खोलीत भरून ठेवला आहे. त्याची रुई उडते. कपाट बंद असलं की रिमोट चालत नाई, उघडं ठेवलं की मशिनीत रुई जाते. शेवटी बायकोनं, रुख्माबाईनं, हुकूमच सोडला.

“आज संध्याकाळी कपाट उघडं दिसलं, तर उद्या पहिल्या गाडीनं मशीन पोराकडं वापस. मंग कापसाचं गानं आयका!”

माझे सकाळचे अभंग गेले असते हो! दुसरा शौक काय आहे मले?

उपाय घरातच पडला होता. पोरानं एक तार पाठवली होती. तिच्या एका टोकाले हरभऱ्याएवढा काळा मणी. तो डोळा. तो कपाटाच्या बाहेर चिपकवाचा, दुसरं टोक मशिनीच्या मागं खुपसाचं. रिमोट डोळ्याले दाखवला की हुकूम तारेतून आत जाते म्हणे. दार बंद, तरी मशीन आयकते! मी लगेच फोन लावला.

“बाबा, मागं आयआर इन लिहिलं आहे, तिथं पिन घाला.”

“मले इंग्रजी वाचता आलं असतं तर तुले काऊन फोन केला असता?”

“बरं. एक उभी काडी पाहा. तिच्या बाजूले पोट काढून, पाय पसरून बसलेला माणूस.”

सापडला तो पोटाळू. पिन घातली, डोळा बाहेर चिपकवला, कपाट लावलं. मंग रिवाजाप्रमाणं पूजा केली. या घरात मोटारपंप असो का मिक्सर, कुंकवाशिवाय काही सुरू झालं नाई. बटन दाबलं. मशीन मुकी.

दहा वेळा दाबलं. जवळून, दुरून, खाटेवर चढून.

“बांधू का मशीन?” रुख्माबाई पोतं घेऊनच उभी.

मी पुन्हा पोराले फोन लावला, आता चेहरा दिसणारा.

“बाबा, रिमोट मोबाईलसमोर धरून दाबा.”

दाबलं, तर मोबाईलमधी जांभळा दिवा लुकलुकला! रिमोटकडं पाह्यलं तर काहीच नाई. माणसाले न दिसणारा उजेड मोबाईलले दिसते! मी चार वेळा पाह्यलं.

“म्हणजे रिमोट चांगला आहे. आता डोळा दाखवा.”

दाखवला. पोरानं तोंड मोबाईलच्या जवळ आणलं.

“बाबा, त्याच्यावर लाल काय आहे?”

“हळद-कुंकू.”

“डोळ्यावर?”

“मंग कुठं लावू? त्याले कपाळ आहे का?”

रुख्माबाईनं पदरानं मणी पुसला, माझ्या हातचा रिमोट घेतला अन् दाबला. बंद कपाटातून अभंग सुरू!

मशीन राह्यली. मी खाटेवर बसून पोराले सांगत होतो, की तार कशी बिनचूक जोडली, अख्ख्या तालुक्यात कोणाले जमली नसती. अभंग हळू झाला. मी वळून पाह्यलं. रुख्माबाई सैंपाकघराच्या दारात, हातात रिमोट.

“काऊन कमी केलं?” मी म्हटलं. “नीट तर आयकू येऊन राह्यलं होतं!”

तिनं रिमोट माझ्याकडं धरला अन् तेच बटन पुन्हा दाबलं.

मले ना तार जोडली होती, ना डोळा. तरी मी चूप झालो.