घंटा पदच्युत न जाहल्याची हकीकत

श्री. प्रथम नमन त्या कानास, ज्याने ऐकिले. मग त्या पोटास, ज्याने भरवसा ठेविला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, बोराएवढ्या एका राज्यात घंटा पदच्युत जाहली आणि दिवा गादीवर आला. परंतु हे मुळी घडलेच नाही, ऐसी कानोजी कोतवाल यांची सक्त ताकीद असल्याकारणे आम्ही ते लिहीत नाही. जे घडले नाही, ते येणेप्रमाणे.

हे राज्य एका पांढऱ्या उंदराच्या कवटीत वसले होते, आणि उंदीर प्रयोगशाळेच्या एका पेटीत वसला होता. पेटीत एक घंटा, एक दिवा आणि एक वाटी. याउपर जगात काही आहे ऐसे दरबारी कोणास ठाऊक नव्हते, आणि कोणाचे अडलेही नव्हते. वाटीत साखरेची गोळी पडे ती क्षणभरच. वेळेत न पोचल्यास वाटी गोळीसकट भिंतीत परत जाई. गादीवर राणीसाहेब भूकबाई. कानाच्या वेशीवर कानोजी कोतवाल. आणि मेंदूच्या पुढल्या अंगास, अगदी तळाशी, रसोजी नाईकांची पागा, त्यांचे हरकारे थेंबथेंब रस घेऊन एकाच वेळी सगळ्या पेठांस दौडत जात आणि ओरडत, "लक्ष द्या हो, लक्ष द्या!" काय घडले, कोठे घडले, हे हरकाऱ्यांस ठाऊक नसे. पुसले तर म्हणत, "ते तुम्ही बघा. आम्हांस पुढली पेठ गाठायची आहे."

पण पूर्वी काय दिवस होते! पहिल्याने घंटा वाजली तेव्हा कोणी ढुंकूनही पाहिले नाही. मग गोळी पडली, आणि राणीसाहेब तख्तावरून उठून उभ्या राहिल्या, आणि रसोजींनी हरकारे सोडिले, आणि पेठापेठांतून लोक खिडकीशी आले, आणि घंटेचे नाव साखरेच्या नावाशेजारी खोल कोरिले गेले. त्याउपरी घंटा वाजली की तोंडास पाणी सुटे, मिशा ताठ होत, आणि पाय आपले आपण वाटीकडे धावत. कानोजी घंटेस मुजरा करून पुकारीत, "आली, बाईसाहेबांची स्वारी आली!" आणि नवे काही घडेनासे जाहल्याने हरकारे पागेत घोरत पडत. ऐसे सुख पुढे कोणी पाहिले नाही.

मग एके सकाळी घंटा वाजली आणि वाटी रिकामी. दिवा लागला आणि गोळी पडली. राणीसाहेब गरजल्या, "हा काय पोरखेळ? रसोजी, झोपलात काय?" रसोजींनी घोड्यांवर खोगीर घातले, तो कानोजी धावत येऊन लगामास झोंबले.

"नाईक, घोडे सोडू नका! पेठांनी एकदा का दिव्याकडे लक्ष दिले, की आमच्या बाईसाहेब संपल्या."

"कोतवाल, हात काढा."

"अहो, तुम्हीच तर त्यांना मोठे केलेत!"

"मी कोणास मोठे केले नाही. मी लक्ष द्या म्हणतो. कोणाकडे, ते आजवर मला कोणी सांगितलेले नाही."

"मग आज नाही म्हटले तर काय बिघडले?"

"राणीसाहेब उपाशी राहतील, एवढेच."

इतक्यात आभाळातून सुई आली. पेटीच्या वर राहणाऱ्या, पांढऱ्या झग्यातल्या सरकारांनी धोत्र्याचा अर्क टोचिला, आणि मग अघटित वर्तले: पेठापेठांचे दरवाजे हरकाऱ्यांपुरते बंद जाहले. हरकारे दौडले, दरवाजे बडविले, घसे फोडिले. आतल्या मंडळींस ढिम्म ऐकू येईना. नवे काही मनावर घेणे राज्यास जमेना. जुने कोरलेले मात्र जसेच्या तसे होते. दिवा लागे, विझे, गोळी भिंतीत परत जाई, कोणी मान वळवीना. आणि घंटा वाजली की तोंडास पाणी, मिशा ताठ, पाय धावत सुटत. वाटी रिकामी. पुन्हा घंटा, पुन्हा पाय. राणीसाहेब डोके धरून बसल्या, आणि कानोजी पुकारून पुकारून आनंदात न्हाऊन निघाले.

मग ते रसोजींपाशी आले. रसोजी एका बंद दरवाजाच्या पायरीवर घसा शेकीत बसले होते.

"ऐकताय ना, नाईक? अगदी पहिल्यासारखे."

"वाटी रिकामी आहे, कानोबा."

"पहिल्यासारखे म्हटले मी. पोटभर म्हटले नाही."

जन्मभर दुसऱ्यांस लक्ष द्या म्हणणाऱ्या रसोजींनी तेव्हा स्वतः प्रथमच वळून पाहिले. घंटा वाजत होती आणि पाय आनंदाने धावत होते. "बरे धावतात हो," ते म्हणाले.

दुसरे दिवशी अर्क उतरला आणि दरवाजे उघडले. राणीसाहेबांची आज्ञा जाहली. रसोजी पागेच्या दारात अंमळ थांबले, आणि मग त्यांनी घोडे सोडिले. पेठांनी लक्ष दिले. दिव्याचे नाव साखरेशेजारी कोरिले गेले, आणि राणीसाहेब पोटभर जेविल्या. मग घंटा वाजली. पाय जागचे हलले नाहीत, मिशाही नाहीत. वेशीवर एकट्या कानोजींनी मुजरा केला आणि पुकारिले, "आली, बाईसाहेबांची स्वारी आली." तो रसोजी घोड्याविना, हरकाऱ्यांविना चालत आले, शेजारी उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "लक्ष द्या." कोणाकडे, ते या वेळी त्यांस ठाऊक होते.

एकूण राज्य शहाणे जाहले, पोट भरले, आणि घंटेमागे धावणे गेले. सबब वरील सरकारांचे चरणी कानोजी कोतवाल व रसोजी नाईक यांचा संयुक्त अर्ज की, वर्षातून एक दिवस, सुटीचा वार सोडून, राज्यास सुईभर धोत्रा मंजूर व्हावा. वाटी रिकामी असल्यास अर्जदारांची हरकत नाही. पुराव्यादाखल मिशीचा एक केस सोबत जोडिला आहे, तो काम होताच परत मिळावा.