शेळीची सोबत

जुनं घर वाचवायचं असेल तर त्यात माणसांनी राहू नये, हे कुठल्याही सुसंस्कृत देशाला पटण्यासारखं आहे. हार्त्स डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आनेग्रेटला ते जरा उशिरा पटलं.

लाकडी चौकटींत माती लिंपलेलं, उताराकडे झुकलेलं, सरकारी वारसा यादीतलं एक पडीक घर तिनं घेतलं वडिलांसाठी. एर्विनबाबांचे गुडघे गेलेले. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून ते वर्षभर खाली उतरले नव्हते. तळमजल्याची उबदार खोली, शेजारी न्हाणीघर आणि रस्ता दिसेल अशी खिडकी, एवढंच तिचं मागणं.

"दुरुस्तीची परवानगी मागितलीस?" शेजारच्या रोझवितानं कपाळावर हात मारला. "अगं बये, आधी बांधायचं, मग नियम माहीतच नव्हता म्हणायचं!" (रोझविताच्या खिडक्या प्लास्टिकच्या असून अत्यंत ऐतिहासिक दिसतात.)

पण आनेग्रेट म्हणजे रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही लाल दिव्यापाशी थांबणारी. वारसा खात्याचे डॉक्टर ल्यूडेके आले, दाराच्या तुळईवर डोकं आपटलं (तुळईची उंची संरक्षित आहे, डोक्याची नाही) आणि खोली पाहून गहिवरले.

"बाई, हा तर शेळ्यांचा गोठा! इथे शेळीच राहू शकते."

"आणि माझे बाबा?"

"ते इथे राहत असल्याचा पुरावा सापडत नाही."

आनेग्रेट हमसून हमसून रडली. मग तिनं शेळी आणली.

लगेच पशुकल्याण खातं धावून आलं. जनावर ओलीत, अंधारात, गार वाऱ्यात? छे छे! मोठी खिडकी, उबदार जमीन, गरम पाणी, सांडपाण्याची सोय, सगळ्याचे हुकूम सुटले. वारसा खात्यानं निमूट मान डोलावली; शेळीपुढे कोणाचं काय चालणार? शिवाय शेळीला एकटं ठेवणं हा क्रूरपणा ठरतो. दिवसरात्र सोबत हवी. सोबती म्हणून एर्विनबाबांचं नाव बिनविरोध मंजूर झालं.

आता बाबा खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा छाटतात. "पोरी, या बाईसाहेबांची कृपा हं!" म्हणत शेळीला गाजर भरवतात. आनेग्रेटला ते बघून फार बरं वाटतं. चौथ्या मजल्यावर ते वर्षभर एकटे होते, तेव्हा कुठल्याच खात्याचं माणूस आलं नव्हतं.

तुमच्याही घरचं कोणी वरच्या मजल्यावर एकटं बसलेलं असेल. तुम्हाला जायला वेळ होत नाही, हे आम्ही समजू शकतो. एखादी शेळी पाठवून द्या, म्हणजे निदान तिची विचारपूस होईल.